फ्लॅपचं टोक काळं का पडतं: रक्त येतं कुठून आणि जातं कुठून

हुक्केरी तालुक्यातल्या एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरल्या भावाचा पाय उसाच्या ट्रॉलीच्या चाकाखाली सापडला आणि घोट्याच्या वर चार बोटांवर हाड उघडं पडलं. बेळगावात पोटरीची कातडी फिरवून त्यावर फ्लॅप बसवला. तिसऱ्या दिवशी टोकाकडची दीड इंच कातडी निळी झाली, पाचव्या दिवशी काळी पडली. आज आठवा दिवस. डॉक्टर म्हणतात थांबू या. पाहुणे म्हणतात कातडीची पट्टी अरुंद कापली म्हणून टोकाला रक्त पोचलं नाही, आणि मुळात मांडीची कातडी लावली असती तर ही वेळच आली नसती. भावाला तंबाखूची सवय आहे. आता सगळाच फ्लॅप जाणार का, आणि रक्त वाढवायला काय द्यावं?

प्रश्न चार दिसतात, पण मूळ एकच आहे. उचलून फिरवलेल्या कातडीच्या शेवटच्या टोकापर्यंत रक्त कसं पोचतं, आणि पोचलेलं रक्त परत कसं जातं? दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत बहुधा तोच महत्त्वाचा आहे. पाय प्रत्यक्ष न पाहता काही गोष्टी ठरवता येत नाहीत: काळी कातडी किती खोलवर मेली आहे, तिच्याखाली हाड आहे की मांस, चाकाने आतल्या रक्तवाहिन्या कुठवर चिरडल्या. त्या गोष्टी पाय रोज बघणारे डॉक्टरच सांगतील. मी त्यामागचा विचार समजावून सांगतो, म्हणजे त्यांना काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

आधी मांडीच्या कातडीचं बघू. मांडीवरून पातळ पापुद्रा काढून लावतात त्याला ग्राफ्ट म्हणतात. तो काढला की त्याचा रक्ताशी संबंध पूर्ण तुटतो. पहिले दोन दिवस तो खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो, मग त्याच्या बारीक वाहिन्यांची तोंडं खालच्या वाहिन्यांशी जुळतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात खरं रक्त खेळू लागतं. म्हणून ग्राफ्टला खाली रक्ताळलेली जमीन लागते. लालसर मांस चालतं, स्नायू चालतो, हाडावरचं पातळ आवरण शाबूत असेल तर हाडही चालतं. आवरण निघून गेलेलं कोरडं पांढरं हाड किंवा उघडी नस (स्नायूची दोरी, जिला आम्ही टेंडन म्हणतो) यावर ग्राफ्ट धरत नाही. भावाचं हाड उघडं होतं, म्हणजे फ्लॅपच लागणार होता. फ्लॅप एका बाजूने शरीराला जोडलेला राहतो, आणि त्या जोडावाटे स्वतःचं रक्त सोबत घेऊन येतो. त्या जोडाला देठ म्हणू.

देठाची गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेचं वर्णन छापून आलं. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळावरची कातडी खाली वळवून नवं नाक केलं. दोन डोळ्यांच्या मधला अरुंद देठ तसाच ठेवला आणि साधारण २५व्या दिवशी तोडला. एवढ्याशा देठावर एवढी लांब कातडी जगली, कारण भुवईच्या आतल्या टोकापासून कपाळावर सरळ वर जाणारी एक धमनी त्या देठातून कातडीच्या लांबीभर धावते. रुंदी बोटभर असली तरी मुख्य वाहिनी आत होती.

पायावर अशी सोय फार कमी ठिकाणी आहे. कातडीच्या खालच्या थरात बारीक वाहिन्यांचं जाळं सगळीकडे असतं, पण कुठलीही मोठी धमनी न धरता नुसत्या जाळ्यावर फ्लॅप उचलला तर तो फार लांब जगत नाही. जुना ठोकताळा असा: पायावर देठाची रुंदी जेवढी, तेवढीच लांबी, म्हणजे एकास एक. चेहऱ्यावर रक्त भरपूर, तिथे तिप्पट-चौपट लांबीही निभते. पाहुणे जे म्हणतात ते या ठोकताळ्यातूनच आलेलं आहे. पण तो अर्धवट आहे.

१९७० मध्ये स्टुअर्ट मिल्टन यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की रक्ताचा पुरवठा सारखाच असलेल्या जागी नुसता देठ रुंद केला म्हणून फ्लॅप जास्त लांबीपर्यंत जगत नाही. हे शेतीच्या भाषेत लगेच कळतं. हिडकलच्या कालव्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. एका सरीतलं पाणी जिथवर पोचतं, तिथवरच शेजारची सरीही भिजते, जर दोन्हींना दाब सारखाच असेल. चार सऱ्या शेजारी-शेजारी फोडल्या तर भिजलेलं रान रुंद होतं, शेवटची कड मात्र कोरडीच राहते. ती भिजवायची तर दाब जास्त लागतो, नाहीतर मध्येच पाण्याचं दुसरं तोंड लागतं. कातडीतही तसंच आहे. देठापासून दूर जाईल तसा दाब उतरत जातो. एका ठिकाणी तो इतका उतरतो की बारीक वाहिन्या मिटतात. त्या रेषेपलीकडचं टोक काळं पडतं. देठ आणखी दोन बोटं रुंद केला असता तर मेलेला भाग रुंद झाला असता, कमी झाला नसता. देठात दुसरी चांगली धमनी आली असती, तरच फरक पडला असता.

ही रेष कुठे पडेल याचाही काही हिशेब आहे. टेलर आणि पामर यांनी १९८७ मध्ये मृतदेहांमध्ये रंग भरून शरीराचे असे साधारण ४० प्रदेश मोजले, ज्यातल्या प्रत्येकाला आपली स्वतःची धमनी आहे. शेजारच्या दोन प्रदेशांना जोडणाऱ्या वाहिन्या एरवी अगदी अरुंद असतात. एका धमनीवर फ्लॅप उचलला की ती आपला प्रदेश तर जगवतेच, त्या अरुंद वाटा ओलांडून शेजारचा एक प्रदेशही बहुतेक वेळा सांभाळते. त्याच्याही पलीकडचा तिसरा प्रदेश भरवशाचा नसतो. म्हणून घाई नसेल तिथे आम्ही फ्लॅप आधी कडेने कापून, थोडा उचलून परत जागेवर शिवतो आणि दहा-चौदा दिवस थांबतो. त्या ताणामुळे अरुंद वाटा रुंदावतात, सगळ्यात जास्त पहिल्या ४८ ते ७२ तासांत. मग फिरवलेला फ्लॅप अधिक लांबीपर्यंत जगतो. हाड उघडं असताना मात्र इतकं थांबणं परवडेलच असं नाही.

आता भावाच्या फ्लॅपकडे येऊ. वर्णनावरून तो उलटा सूरल फ्लॅप असावा, घोट्याभोवतीच्या जखमेसाठी सर्रास वापरतात तो. पोटरीच्या मधल्या भागातली कातडी, तिच्याखालचं स्नायूवरचं पांढरं आवरण, एक मज्जातंतू आणि त्याच्यासोबतच्या बारीक वाहिन्या असं सगळं एकत्र उचलतात. देठ तीन-चार सेंटिमीटर रुंद ठेवतात आणि बाहेरच्या घोट्याच्या वर साधारण पाच सेंटिमीटरवर तो वळवतात. त्या जागी पेरोनिअल धमनीच्या फांद्या खोलातून वर कातडीकडे येतात. फ्लॅपला रक्त तिथून मिळतं, खालून वर, नेहमीच्या उलट दिशेने.

धमनीला उलट दिशेची अडचण नाही, तिच्यात पडदे नसतात. शिरांमध्ये असतात. पायातल्या शिरांचे पडदे रक्त फक्त हृदयाकडे जाऊ देतात, आणि या फ्लॅपमधलं रक्त त्यांच्या उलट, घोट्याकडे जाऊन मग बाहेर पडायला हवं. ते मोठ्या शिरेतून जात नाही, पडद्यांना वळसा घालणाऱ्या बारीक वाटांनी कसंबसं जातं. म्हणजे आवक ठीक आणि निचरा कमी. तुंबलेल्या रक्ताने कातडी सुजते, बारीक वाहिन्यांत गुठळ्या धरतात, आतला दाब वाढतो, आणि शेवटी चांगलं रक्तही आत शिरू शकत नाही. तिसऱ्या दिवशी निळं, पाचव्या दिवशी काळं, हा क्रम याच गोष्टीकडे बोट दाखवतो. रक्त पोचलंच नसतं तर कातडी पहिल्याच दिवशी फिकी आणि गार पडली असती. पाणी न मिळालेला ऊस वाळतो, पाणथळ रानातला ऊस पाण्यातच उभ्याने पिवळा पडतो. शेवटी दोन्ही मेलेलेच दिसतात, उपाय मात्र अगदी उलटे.

हा फरक पहिल्या तीन दिवसांत कसा ओळखतात ते नीट सांगतो, कारण घरातलं माणूस उशाशी बसलेलं असतं आणि डॉक्टर येऊन जाऊन असतात. फ्लॅपवर बोटाने हलकं दाबून सोडलं की पांढरा ठसा उमटतो आणि दोन-तीन सेकंदांत भरून येतो. भरायला जास्त वेळ लागला, कातडी फिकी, गार आणि सुरकुतलेली दिसली तर धमनीकडे अडचण आहे. सेकंदभराच्या आतच ठसा भरला, कातडी निळसर-जांभळी, तट्ट फुगलेली असली तर शीर तुंबली आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर निळेपणा चटकन दिसत नाही. शेजारच्या पोटरीच्या कातडीशी तुलना करावी, तीही दिवसाच्या उजेडात किंवा पांढऱ्या बॅटरीत; वॉर्डातल्या पिवळ्या बल्बखाली फसगत होते. खात्री करायला डॉक्टर बारीक सुईने एक टोचा मारतात. काही क्षणांत लाल थेंब आला तर ठीक. काळसर रक्त लगेच भळभळलं तर निचरा तुंबला. काहीच आलं नाही तर आवक बंद. पहिल्या २४ तासांत ही तपासणी तासातासाला व्हावी, पुढच्या दिवशी दोन तासांनी, मग चार तासांनी.

तुंबलेला फ्लॅप वेळीच लक्षात आला तर पहिले उपाय साधे असतात. पट्टी पूर्ण सोडायची. ताणलेले दोन-चार टाके काढायचे. फ्लॅपखाली रक्त साचलं असेल तर ते काढायचं. देठ कातडीखालच्या अरुंद बोगद्यातून नेला असेल तर वरची कातडी उघडून देठ मोकळा करायचा आणि त्यावर पातळ ग्राफ्ट ठेवायचा. माझ्या मते सुजणाऱ्या पायात बोगदा करूच नये. देठाला वळणावर पीळ बसला आहे का ते बघायचं. आणि पाय कसा ठेवला आहे ते बघायचं. या फ्लॅपचा देठ पोटरीच्या मागच्या बाजूला आहे. पाय उशीवर ठेवला की सगळं वजन नेमकं देठावर येतं, आणि चांगला झालेला फ्लॅप रात्रीत निळा पडतो. पाय उंच हवाच, पण उशी गुडघ्याखाली आणि टाचेखाली अशी दोन ठिकाणी हवी, मधली पोटरी अधांतरी. हाडाला बाहेरून लोखंडी सळ्यांची चौकट लावली असेल तर तीच दोरीने टांगता येते. भावाच्या पायाखाली आत्ता उशी कुठे आहे ते आज बघून घ्या.

यात चाकाचाही मोठा वाटा असतो. चाक पायावरून जातं तेव्हा जखम दिसते तेवढीच नसते. वरची कातडी खालच्या आवरणापासून सरकते आणि मधल्या उभ्या फांद्या तटतटा तुटतात. वरून कातडी धड दिसते, आतून रक्त तुटलेलं असतं. जखम घोट्याच्या वर चार बोटांवर, म्हणजे सात-आठ सेंटिमीटरवर. फ्लॅपला रक्त देणाऱ्या फांद्या याच पट्ट्यात आहेत. त्या दुखावलेल्या असू शकतात. डॉक्टर आधी डॉपलर नावाच्या पेनासारख्या यंत्राने धमनीचा आवाज ऐकतात, पण शीर शाबूत आहे की नाही हे त्यावरून भरवशाने कळत नाही. दुसरा पर्याय असतो तो फ्री फ्लॅपचा: दुसऱ्या जागेची कातडी किंवा स्नायू पूर्ण सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पायाच्या वाहिन्यांना जोडायचा. त्याला तासन्‌तास लागतात, सराव असलेली टीम लागते, आणि काही अडलं तर लगेच पुन्हा ऑपरेशन करता यायला हवं. म्हणून टोक जाण्याचा धोका पत्करूनही सूरल फ्लॅप निवडणं हा चुकीचा निर्णय म्हणता येत नाही. लांबी जखमेने ठरवलेली असते, डॉक्टरने नाही.

इथवरचं थोडक्यात: हाड उघडं होतं म्हणून ग्राफ्ट चालला नसता. देठ अरुंद असल्यामुळे टोक गेलं असं नाही. बहुधा रक्त पोचलं, पण परत निघालं नाही, आणि त्यात चाकाच्या माराची भर पडली.

तंबाखू. निपाणीच्या आसपास तिची सवय घराघरात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. निकोटीन बारीक धमन्या आवळतं, आणि फ्लॅपचं टोक नेमकं त्याच बारीक धमन्यांवर जगत असतं. विडीत त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइडही येतो, तो रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. पण ओढत नाही, फक्त खातो, म्हणून चालेल असं नाही. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, तपकीर, दाताला लावायची मिसरी, सगळ्यातून निकोटीन रक्तात जातं. बायकांना तंबाखू खाता का विचारलं तर नाही म्हणतात, मिसरी लावता का विचारलं तर हो म्हणतात. दोन्ही वेगवेगळं विचारावं लागतं. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे बंद ठेवायला सांगतो. अपघातात ती संधी मिळत नाही, म्हणून दाखल झाल्या दिवसापासून बंद आणि जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. भेटायला येणारे पाहुणे प्रेमाने पुडी देतात. त्यांना दारातच सांगा. आणखी एक, भाऊ चाळिशीच्या आतला असेल, विडीही ओढत असेल आणि अपघाताआधी चालताना पोटरी किंवा तळपाय दुखून थांबावं लागत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. विडी-तंबाखूने पायाच्या धमन्याच बंद होत जाण्याचा बर्गरचा आजार असू शकतो, आणि मग पुढचा सगळा बेत बदलतो.

रक्त वाढवायला काय द्यावं? रक्ताची बाटली चढवल्याने टोक जगत नाही. हिमोग्लोबिन १० च्या आसपास असेल तर फ्लॅपला पुरतं. फार कमी असेल किंवा ब्लड प्रेशर उतरलेलं असेल तर मात्र ते भरून काढावंच लागतं, कारण दाब पडला की पहिलं टोकच उपाशी राहतं. पाणी भरपूर पाजा. अंग गरम ठेवा; बेळगावची डिसेंबर-जानेवारीची रात्र चांगलीच गार असते आणि थंडीने बारीक वाहिन्या आवळतात. पूर्ण अंगावर ब्लँकेट घाला, पण फ्लॅपवर गरम पाण्याची पिशवी किंवा जवळ दिवा अजिबात नको. फ्लॅपला संवेदना नसते. भाजलं तरी त्याला कळणार नाही. अंडी, डाळ, मटकी, दूध जखम भरायला लागतं, जरूर द्या. साखर असेल तर ताब्यात हवी. हळद, तेल, पाल्याचा लेप काही लावू नका, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

आता काळ्या भागाचं. डॉक्टर थांबू या म्हणतात त्याला कारण आहे. कधी कधी फक्त वरचा थर मेलेला असतो, खपली सुटते आणि खाली गुलाबी कातडी निघते. मेलेलं आणि जिवंत यातली रेष पक्की व्हायला सात-दहा दिवस लागतात. घाईने कापलं तर जगणारा भागही जातो. काळी खपली कोरडी, कडक, वास नसलेली असेल तर ती झाकणाचं काम करते. ओली पडली, वास येऊ लागला, कडेने पू दिसला, ताप आला, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी साफ करून घ्यायचं.

सगळा फ्लॅप जाईल का? पाचव्या दिवसापासून आज आठव्या दिवसापर्यंत काळी रेष पुढे सरकली नसेल, आणि बाकीची कातडी पोटरीसारख्याच रंगाची व कोमट असेल, तर उरलेला फ्लॅप राहण्याची शक्यता खूप चांगली आहे. आठवड्याभरात जखमेच्या तळातून आणि कडांतून रक्तवाहिन्यांचे नवे धागे फ्लॅपमध्ये शिरू लागतात. तीन आठवड्यांत तो देठाशिवायही जगू शकतो. कावसजीचा देठ २५व्या दिवशी तोडता आला तो त्याचमुळे. रेष सरकते का हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. नर्सला विनंती करून काळ्या भागाच्या कडेने मार्करने रेघ आणि शेजारी तारीख लिहून घ्या. रोज त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा.

पुढच्या ड्रेसिंगला डॉक्टरांना एकच नेमकं विचारा: काळ्या दीड इंचाखाली काय आहे? खाली लाल मांस असेल तर ते कापून मांडीचा ग्राफ्ट लावता येतो, काम लहान आहे. खाली उघडं हाड किंवा हाडावर बसवलेली धातूची पट्टी असेल तर उरलेला फ्लॅप थोडा पुढे सरकवून किंवा दुसरा फ्लॅप करून ते झाकावं लागेल, आणि त्यात उशीर केला तर हाडात पू होतो.

पाय खाली सोडायची घाई साधारण तीन आठवडे नको. नंतर पलंगाच्या कडेला बसून, क्रेप बँडेज सैलसर बांधून, पाच मिनिटं पाय लोंबता ठेवायचा, दिवसातून तीन वेळा, आणि रोज थोडं वाढवायचं. खाली सोडल्यावर फ्लॅप जांभळा होईल, ते होतंच. वर घेतल्यावर काही मिनिटांत रंग परत यायला हवा. परत आला नाही तर त्या दिवशी पाय वरच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.